राहून गेलेल्या शिक्षणाची दुसरी वाट

विद्येला वयाचे बंधन नसते, हे वचन आपल्याकडे पूर्वापार ऐकू येते. व्यवहारात मात्र शिक्षणाला वयाचे बंधन होते, आणि तेही फार कडक होते. सहाव्या वर्षी शाळा, सोळाव्या वर्षी शालान्त परीक्षा आणि एकविसाव्या वर्षी पदवी या शिडीवरून जो एकदा खाली उतरला, त्याला पुन्हा वर चढण्यासाठी पायरी उरत नसे. वडिलांच्या अकाली निधनामुळे औत हाती घेतलेला मुलगा, दहावीनंतर लगेच लग्न होऊन सासरी गेलेली मुलगी, दुष्काळी वर्षांत घराबरोबर ऊसतोडीला गेलेले मूल, घरापासून महाविद्यालय चाळीस किलोमीटर दूर असल्याने थांबलेला आदिवासी तरुण, या सर्वांचे शिक्षण बुद्धीच्या अभावी नव्हे, तर परिस्थितीपुढे थांबले. अशांची संख्या मोठी आहे. मागे राहून गेलेले हे शिक्षण पुढे पूर्ण करता यावे यासाठी गेल्या काही दशकांत जी व्यवस्था उभी राहिली, तिची ओळख ग्रामीण भागातील शिक्षक, पंचायतीचे सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांना असणे अगत्याचे आहे. कारण या वाटेवर पहिले पाऊल टाकणारी व्यक्ती बहुधा त्यांच्यापाशीच विचारणा करावयास येते.

आकड्यांच्या पलीकडे

उच्च शिक्षणाचा प्रसार मोजण्यासाठी स्थूल नोंदणी प्रमाण वापरले जाते. १८ ते २३ या वयोगटाची लोकसंख्या आणि उच्च शिक्षणातील एकूण विद्यार्थी यांचे ते गुणोत्तर होय. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये हे प्रमाण देशात २८.४ टक्के, तर महाराष्ट्रात ३५.३ टक्के होते. त्याच वर्षी देशातील अनुसूचित जातींमध्ये ते २५.९ आणि अनुसूचित जमातींमध्ये २१.२ टक्के होते. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नुसार २०३५ पर्यंत हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे.

या आकड्यांवरून दोन गोष्टी ध्यानात येतात. एक म्हणजे सामाजिक दरी कमी होत असली तरी ती भरून निघालेली नाही. दुसरी गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ज्याने तेविशी ओलांडली आणि ज्याचे शिक्षण राहून गेले, त्याची उणीव या हिशेबात कोठेच दिसत नाही. पस्तीस वर्षांची अंगणवाडी सेविका, चाळिशीचा बसवाहक किंवा तिशीतील शेतमजूर शिकत नाही म्हणून कोणत्याही तक्त्यातील आकडा घटत नाही. मोजमापातून वगळलेली माणसे योजनांतूनही वगळली जाण्याचा धोका असतो. म्हणून या वर्गाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

महाराष्ट्राची परंपरा

काम करणाऱ्या माणसाला शिकता यावे, हा विचार या मातीला नवा नाही. महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये शेतकरी व कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा श्रम करणाऱ्याला दिवसाची शाळा उपयोगाची नाही, हे साधे सत्य त्यांनी ओळखले होते. पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी बहुजन समाजाच्या शिक्षणाकडे होणाऱ्या दुर्लक्षाची मांडणी केली.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहांची मालिका उभी केली. खेड्यातील मुलाला शहरात राहण्याची सोय नसेल, तर शाळा-महाविद्यालयाचे उघडे दारही त्याच्यासाठी बंदच असते, ही त्यामागील जाणीव होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि स्वावलंबी शिक्षणाचा पाया घातला. साताऱ्यास १९४७ मध्ये सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर गरीब विद्यार्थ्यांनी पदवी संपादन केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना कामावर जाण्यापूर्वी शिकता यावे, म्हणून तेथे सकाळी वर्ग भरविण्याची प्रथा ठेवण्यात आली.

रात्रीची शाळा, वसतिगृह, कमवा-शिका योजना आणि सकाळचे महाविद्यालय या चारही प्रयोगांमागे एकच सूत्र आहे. विद्यार्थ्याने संस्थेच्या सोयीप्रमाणे वागावे, अशी अपेक्षा न धरता संस्थेने विद्यार्थ्याच्या परिस्थितीप्रमाणे आपली रचना बदलावी, हे ते सूत्र होय. मुक्त विद्यापीठ हे त्याच सूत्राचे पुढचे पाऊल आहे.

मुक्त विद्यापीठाची संकल्पना

या संकल्पनेला आधुनिक रूप मिळाले ते ब्रिटनमध्ये. तेथे १९६९ मध्ये राजसनदेद्वारे मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली आणि १९७१ च्या जानेवारीत अध्यापनास प्रारंभ झाला. प्रवेशासाठी पूर्वीच्या परीक्षेची अट नव्हती. छापील पाठ, नभोवाणी व दूरचित्रवाणी, टपालाने येणारे स्वाध्याय आणि स्थानिक केंद्रातील मार्गदर्शक यांच्या साहाय्याने गृहिणी, कामगार व नोकरदार घरी बसून पदवीचा अभ्यास करू लागले. पदवीचा दर्जा राखून प्रवेश खुला ठेवता येतो, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले होते. परंतु पत्रद्वारा शिक्षण म्हणजे वर्गातील व्याख्यानाच्या टिपणांचे टपालाने केलेले वाटप, असे स्वरूप अनेक ठिकाणी आले. दूरस्थ विद्यार्थ्यासाठीच आखलेले विद्यापीठ प्रथम १९८२ मध्ये हैदराबाद येथे आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठाच्या रूपाने उभे राहिले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्यानंतर कोटा व नालंदा ही विद्यापीठे आली आणि १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. देशातील हे पाचवे मुक्त विद्यापीठ. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू होते. गंगापूर धरणाजवळील गोवर्धन येथे त्याचे मुख्यालय असून ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे बोधवाक्य आहे. राज्याच्या निरनिराळ्या विभागांत त्याची विभागीय केंद्रे आहेत.

शिक्षण कसे चालते

मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी रोज वर्गात बसत नाही, म्हणून त्याला शिक्षकच नाही असा गैरसमज आढळतो. वस्तुतः येथे शिक्षकाचे काम तीन ठिकाणी विभागलेले असते. पहिला शिक्षक म्हणजे पुस्तक. स्वयं-अध्ययनासाठी लिहिलेल्या पुस्तकात प्रत्येक घटकाची उद्दिष्टे आरंभी सांगितलेली असतात. विषय लहान लहान भागांत मांडलेला असतो आणि मध्येच स्वतःची चाचणी घेण्यासाठी प्रश्न दिलेले असतात. असे पुस्तक मराठीतून उपलब्ध होणे, ही खेड्यातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने फार मोठी सोय आहे. दुसरा शिक्षक म्हणजे अभ्यासकेंद्रावरील संमंत्रक. बहुतेक अभ्यासकेंद्रे स्थानिक महाविद्यालयांत किंवा शिक्षणसंस्थांत चालतात आणि सुटीच्या दिवशी तेथे संमंत्रण सत्रे भरतात. संमंत्रकाने संपूर्ण विषय शिकवावा अशी अपेक्षा नसते. विद्यार्थ्याला वाचताना जेथे अडते, तेथे त्याने वाट मोकळी करून द्यावयाची असते. तिसरा शिक्षक म्हणजे स्वाध्याय. लिहून दिलेल्या उत्तरांवरील शेरे विद्यार्थ्याला आपण कोठे आहोत हे सांगतात.

अलीकडे ध्वनिचित्रफिती आणि संगणकाद्वारे चालणारी सत्रे यांची यात भर पडली आहे. केवळ पदवीपुरतेच हे शिक्षण मर्यादित नाही. शेती, आरोग्य, तांत्रिक व्यवसाय आणि सेवेतील शिक्षकांचे प्रशिक्षण अशा विषयांचेही शिक्षणक्रम यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने चालविले आहेत. कारागृहातील बंद्यांपर्यंतही मुक्त शिक्षण पोहोचले आहे.

प्रवेशाचे दार आणि त्याची किल्ली

ज्यांनी बारावी पूर्ण केलेली नाही, परंतु ज्यांचे वय अठरा वर्षे पूर्ण आहे, अशांसाठी मुक्त विद्यापीठाने पूर्वतयारी शिक्षणक्रमाची योजना केली. भाषा, आकडेमोड आणि सामान्य ज्ञान यांचा पाया पक्का करून पदवीच्या अभ्यासाकडे वळण्याचा तो मार्ग होता. अनेकांनी या मार्गाने पुढे जाऊन पदवी मिळविली.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. पूर्वतयारी परीक्षा म्हणजे बारावीची परीक्षा नव्हे. पदवीच्या वर्गात प्रवेश मिळणे आणि एखाद्या नोकरीसाठी किंवा अन्य अभ्यासक्रमासाठी बारावी उत्तीर्ण असण्याची अट पूर्ण होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. ही बाब आधी न समजल्याने, पदवी हाती आल्यानंतर निराशा पदरी येऊ शकते. ज्यांना पुढे अशा अटी लागू होण्याचा संभव आहे, त्यांनी राज्य मंडळाकडे खाजगी विद्यार्थी म्हणून, म्हणजेच सर्वांच्या परिचयाचा सतरा नंबरचा अर्ज भरून, दहावी-बारावीची परीक्षा देणे अधिक श्रेयस्कर ठरते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्गही उपलब्ध आहे. प्रवेशाचे नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका पाहूनच सल्ला द्यावा. ऐकीव माहितीवर कोणाची वर्षे पणाला लावू नयेत.

पदवीच्या दर्जाविषयीही शंका विचारल्या जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेल्या शिक्षणक्रमाची मुक्त व दूरस्थ पद्धतीने मिळालेली पदवी ही नियमित पदवीशी समकक्ष मानावी, असे आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र मान्यता संस्थेला आहे एवढे पाहून भागत नाही. ज्या शिक्षणक्रमाला प्रवेश घ्यावयाचा, त्याला त्या वर्षी मान्यता आहे काय, हे पडताळून पाहणे हिताचे असते.

अपंग व्यक्तींच्या बाबतीत दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील तरतूद लक्षात ठेवण्यासारखी आहे. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत विहित अपंगत्व असलेल्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखून ठेवण्याची आणि प्रवेशाच्या कमाल वयोमर्यादेत पाच वर्षांची सवलत देण्याची तरतूद त्यात आहे. शिष्यवृत्ती व शुल्कसवलतीच्या योजनांपैकी कोणत्या योजना दूरस्थ विद्यार्थ्याला लागू आहेत, याची चौकशी प्रवेश घेतेवेळीच अभ्यासकेंद्रावर करावी. उत्पन्नाचा व जातीचा दाखला वेळेवर हाती नसल्यामुळे पात्र विद्यार्थी सवलतीला मुकतो, ही नित्याची गोष्ट आहे.

वेळेचा हिशेब

प्रवेश सुलभ झाला म्हणजे शिक्षण सुलभ झाले, असे नाही. दूरशिक्षणात तीस तासांचा अभ्यास म्हणजे एक श्रेयांक असे मानले जाते. चार श्रेयांकांचा एक विषय म्हणजे एकशे वीस तासांचा अभ्यास होय. एका सहामाहीत असे चार विषय असतील, तर एकूण चारशे ऐंशी तास होतात. सव्वीस आठवड्यांत ते वाटले, तर आठवड्याला सुमारे साडेअठरा तास, म्हणजे दररोज अडीच तासांहून थोडे अधिक लागतात.

हा हिशेब एखाद्या शेतकरी कुटुंबातील सुनेसमोर मांडून पाहावा. पहाटे पाणी, गोठा आणि चूल, दिवसा शेत किंवा रोजंदारी, सायंकाळी पुन्हा स्वयंपाक व मुले, अशा दिनक्रमात अडीच तास कोठून यावयाचे? ते तास तिच्या झोपेतून तरी येतील, नाही तर घरातील दुसऱ्या कोणी तिच्या कामाचा वाटा उचलल्यावर येतील. प्रौढ विद्यार्थ्याचे शिक्षण मध्येच सुटते ते पुष्कळदा पुस्तक कठीण असल्यामुळे नव्हे, तर वेळ, पैसा आणि धीर यांपैकी काहीतरी संपल्यामुळे. परीक्षा सुगीच्या दिवसांत आली, घरात आजारपण निघाले, परीक्षाकेंद्राच्या गावी जाणारी एकमेव बस चुकली, ‘या वयात शिकून काय करणार?’ असा टोमणा चारचौघांत बसला, अशा लहान दिसणाऱ्या कारणांनी वर्ष वाया जाते आणि एकदा वाया गेलेल्या वर्षानंतर पुन्हा उभे राहण्याचे बळ सर्वांपाशी असतेच असे नाही.

मुक्त पद्धतीत यावर काही उपाय अंतर्भूत आहेत. शिक्षणक्रम पूर्ण करण्यासाठी किमान कालावधीपेक्षा अधिक वर्षांची मुभा असते. उत्तीर्ण झालेल्या विषयांचे श्रेयांक जमा राहतात. राष्ट्रीय पातळीवर २०२१ मध्ये सुरू झालेल्या श्रेयांक पेढीमुळे एका संस्थेत मिळविलेले श्रेयांक जतन करून पुढे उपयोगात आणण्याची सोय झाली आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार पदवीच्या एका वर्षानंतर प्रमाणपत्र व दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबण्याची आणि पुन्हा परत येण्याचीही तरतूद आहे. ज्याला परिस्थितीमुळे थांबावे लागते, त्याच्या दृष्टीने या तरतुदीचे मोल मोठे आहे. परंतु थांबलेला माणूस परत येईल की नाही, हे नियमांपेक्षा त्याच्या भोवतालच्या माणसांवर अवलंबून असते.

गावाने करावयाची कामे

या ठिकाणी पंचायत, शाळा आणि स्थानिक कार्यालये यांचे कार्य सुरू होते. त्यासाठी मोठा निधी लागतो असे नाही.

पहिले काम कागदपत्रांचे. प्रौढ विद्यार्थ्याची पहिली अडचण अभ्यासाची नसते, तर शाळा सोडल्याच्या दाखल्याची असते. वीस वर्षांपूर्वी सोडलेल्या शाळेतून दाखल्याची दुसरी प्रत मिळविणे, विवाहित स्त्रीच्या दाखल्यावरील माहेरचे नाव आणि आधारपत्रावरील सासरचे नाव यांचा मेळ विवाह नोंदणी प्रमाणपत्राच्या आधारे घालणे, ही कामे तिला एकटीला डोंगराएवढी वाटतात. मुख्याध्यापक आणि ग्रामसेवक यांनी मनावर घेतल्यास ती थोडक्या दिवसांत उरकतात. दप्तर शोधण्याचे टाळून ‘उद्या या’ असे सांगितलेला एक दिवस म्हणजे तिची बुडालेली मजुरी असते, हे स्मरणात ठेवावे.

दुसरे काम जागेचे. ग्रामपंचायतीचे वाचनालय किंवा शाळेची एक खोली संध्याकाळी दोन तास दिव्यासह उघडी ठेवली, तर ज्यांच्या घरी अभ्यासाला कोपरा नाही त्यांची सोय होते. गावात तीन-चार विद्यार्थी एकाच शिक्षणक्रमाचे असतील, तर त्यांचा गट करून द्यावा. एकट्याने वाचणारा लवकर थकतो, चौघांत वाचणारा टिकतो.

तिसरे काम सोबतीचे. गावातील शिक्षकाने आठवड्यातून एकदा चौकशी केली, स्वाध्यायाची तारीख जवळ आल्याची आठवण दिली आणि अर्ज भरण्याच्या मुदतीकडे लक्ष ठेवले, तर अनेकांची वर्षे वाचतील. संगणकाद्वारे अर्ज भरावे लागत असल्याने हाती स्मार्टफोन नसलेल्या विद्यार्थ्याला हे साहाय्य विशेष गरजेचे आहे. परीक्षेच्या दिवशी परगावी जाणाऱ्या महिलांच्या एकत्र प्रवासाची व्यवस्था स्वयंसाहाय्य गटामार्फतही करता येईल.

चौथे काम कार्यालयप्रमुखांचे. आपल्या हाताखालील शिपाई, सेविका किंवा लिपिक शिकत असेल, तर नियमानुसार देय असलेली रजा त्याला परीक्षेच्या वेळी विनासायास मिळावी. त्याच्या शिकण्याकडे कामचुकारपणाच्या संशयाने पाहिले जाऊ नये.

समारोप

एका प्रौढ व्यक्तीने घेतलेल्या शिक्षणाचा लाभ तिच्यापुरता राहत नाही. ज्या घरात आई रात्री पुस्तक उघडून बसते, त्या घरातील मुलांना अभ्यासाला बसा असे निराळे सांगावे लागत नाही. शिकलेली ग्रामपंचायत सदस्या अंदाजपत्रक स्वतः वाचू शकते. शिकलेला शेतकरी कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो समजून घेतो. लोकशाही विकेंद्रीकरणाचे यश अशा सुजाण नागरिकांवर अवलंबून असते.

शासनाने कायदा करून विद्यापीठ उभारले, विद्यापीठाने पुस्तके तयार केली, अभ्यासकेंद्रे तालुक्यांपर्यंत गेली. परंतु तालुक्याच्या गावापासून घराच्या उंबरठ्यापर्यंतचे अखेरचे अंतर अजून पुष्कळ ठिकाणी चालावयाचे राहिले आहे. ते अंतर कोणतेही विद्यापीठ एकट्याने तोडू शकणार नाही. येत्या प्रवेशाच्या वेळी प्रत्येक गावातील शिक्षकाने आणि पंचायत सदस्याने आपल्या गावात शिक्षण राहून गेलेली, पण शिकण्याची इच्छा असलेली एक व्यक्ती शोधून काढावी, तिच्या कागदपत्रांची पूर्तता करून द्यावी आणि पहिल्या परीक्षेपर्यंत तिची साथ करावी. पहिली परीक्षा पार पडली की पुढचा मार्ग तिचा तिलाच दिसू लागेल.